तंजावूर श्राद्ध, एकशे आठ वेळा

आमच्या वेबसाइटच्या पानावर 'तंजावूर श्राद्ध' हे शब्द एकशे आठ वेळा होते. अंदाजे नव्हे, मोजून. मी लॅपटॉपवरून वाचत होते आणि अप्पा शेजारी बसून तुळशीच्या माळेचा एकेक मणी ओढत होते. शेवटचा मणी आला तेव्हा त्यांनी माळ डोळ्यांना लावली आणि म्हणाले, आता काम होईल. वेबसाइटींचा मजकूर लिहून पोट भरणारी बाई मी, मला चांगलं ठाऊक होतं की अशाने काम व्हायचं नाही, उलट बिघडेल. तरी मूग गिळून बसले. त्याचा राग मला अजून आहे, आणि तो दुसऱ्या कोणावर नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्या वर्षी शहाऐंशीचे झाले होते. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि त्या घराच्या मागच्या चौकात ते साठ वर्षं लोकांची श्राद्धं चालवत आले. हे लोक आमच्यातलेच. शेकडो वर्षांपूर्वी मराठी राज्याबरोबर इकडे आलेल्या घरांतले, आणि पुढे नोकरीपायी चेन्नई, बंगळूर, मुंबई, अमेरिका असे पांगलेले. वर्षातून एकदा बापाच्या तिथीला यायचे, विहिरीवर अंघोळ करायचे, अप्पा मंत्र सांगायचे, आई स्वयंपाक करायची. कावळ्याला घास ठेवून, केळीच्या पानावर जेवून, संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. आपल्या पद्धतीने आणि आपल्या बोलीत सांगणारा माणूस हवा म्हणून एवढ्या लांब यायचे. मग ती पिढी संपत गेली. मुलं आपापल्या गावी उरकू लागली, काहींनी सोडूनच दिलं. आई गेली, तिच्या जागी वैनी उभी राहिली, पण चुलीपुढे उभं राहायचं कारणच कमी होत गेलं. त्या अगोदरच्या वर्षात पाहुणे आले ते तीनदा.

अण्णा माझा थोरला भाऊ. सर्व्हे ऑफिसातून निवृत्त झालेला. अप्पांकडून सगळं शिकलेला, आवाजही चांगला, पण मन त्यात कधी रमलं नाही. त्याची मुलगी कोइम्बतूरला असते आणि वैनीचा जीव तिच्यापाशी. माझं म्हणाल तर मी लग्न केलं नाही, शाळेत इंग्रजी शिकवलं, मग तीही नोकरी सोडून घरी बसून लिहू लागले. म्हणजे अप्पांजवळ मी होते, पण घर चालवायचं ठरवणारा अण्णाच. एका वैशाखात त्याने जेवताना सांगून टाकलं की आडी अमावास्येपर्यंत वाट बघू. त्या दिवशी, आषाढाच्या अमावास्येला, सगळा तमिळ मुलूख पितरांना पाणी देतो. त्या दिवशीसुद्धा कोणी आलं नाही, तर घराला कुलूप लावून सगळ्यांनी कोइम्बतूरला जायचं. मुलीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. अप्पांनी एवढंच विचारलं की तिथे कावळे येतात का.

रात्रीचं ताक तसंच ठेवून ते उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. मला हिकडेच मरायचं आहे, तू काही लिही, म्हणाले. आजवर त्यांनी माझ्या कामाला काम म्हटलं नव्हतं.

माझं काम असं. त्रिचीची एक कंपनी मला विषय पाठवते आणि मी मजकूर लिहिते. दातांचे दवाखाने, पाणी शुद्ध करायची मशीनं, लग्नाचे हॉल. लोक गूगलवर काय शोधतात ते शब्द कंपनी ठरवून देते, आणि ते मजकुरात यावे लागतात. एके काळी ते जितके कोंबाल तितकं पान वर दिसायचं. मग गूगलची यंत्रं शहाणी झाली. एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसला की ती समजतात, हा माणूस सांगत काही नाही, नुसता गळा काढतो आहे, आणि पान खाली ढकलतात. कंपनीत माझा मजकूर तपासणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची. सुरुवातीला तिने माझी पानंच्या पानं लाल करून परत पाठवली होती. मॅडम, वाचणाऱ्या माणसासाठी लिहा, असं प्रत्येक वेळी खाली लिहायची. मी नाक मुरडलं, पण शिकले. नंतर नवीन लोकांना मीच ते शिकवू लागले.

हे सगळं ठाऊक असलेल्या बाईने स्वतःच्या बापाच्या पानावर अक्कल गहाण का टाकावी? त्याचं कारण आमच्या कपाटात होतं. अप्पांच्या वह्या. शाळेच्या दुरेघी वह्यांत, तमिळ लिपीत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'श्रीराम जयम्', 'श्रीराम जयम्'. इकडे घरोघरी लिहितात. मुलीचं लग्न जमेना, लिही. पोटदुखी हटेना, लिही. माझ्या बारावीला आईने मलाही लिहायला बसवलं होतं आणि मी पास झाले त्याचं श्रेय वहीला मिळालं. नाव घेतलेलं वाया जात नाही, हे आमच्या हाडीमांसी खिळलेलं. मी कितीही तोंड वाकडं करो, जीव टांगणीला लागला की माझाही हात त्या वहीकडेच जातो.

पहिला मजकूर मी बरा लिहिला होता. त्यात ते दोन शब्द पाच-सहादा होते. अप्पांनी विचारलं, गूगलने आपल्याला शोधावं म्हणून हे नाव घ्यायचं ना? मी हो म्हटलं. मग इतकं कमी का? मी चाळीस केले. त्यांनी हातात माळ घेतली. वैशाखातली दुपार, पंखा गरम हवा फेकत होता, आणि त्यांचे डोळे असे लागले होते माझ्या बोटांकडे की मला नाही म्हणवेना. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की कोण जाणे, होईलही. शेवटी वाक्यं अशी झाली की 'तंजावूर श्राद्ध करायचे असल्यास तंजावूर श्राद्धासाठी प्रसिद्ध अशा आमच्या तंजावूर श्राद्ध घरी या'. इंग्रजीत तसंच, तमिळमध्ये तसंच, आणि खाली चार ओळी मराठीत.

पहिला आठवडा पान वर दिसलं. अप्पा रोज कॉफीच्या वेळी विचारायचे, दिसतं का, आणि मी मोबाइल त्यांच्यापुढे धरायची. तिसऱ्या आठवड्यात ते खाली गेलं. मग आणखी खाली. मग आमच्या गल्लीचं नाव घालून शोधलं तरी एक लॉज पुढे येऊ लागला. अप्पा विचारत राहिले आणि मी दिसतं, दिसतं म्हणत राहिले. फोन आले ते तिघांचे. दोघे जाहिरात विकणारे आणि एकाला खोली हवी होती.

चौथा फोन एका बाईंचा. बंगळूरहून. कोणी नातेवाइकाने त्यांना पानाचा पत्ता पाठवला होता. आवाज म्हातारा आणि बोली आमचीच, तीच तमिळसारखी हेलकावणारी. आमच्यापैकी कोणी बोललं की मला एरवी आनंद होतो. मी हरखून घडाघडा सांगायला लागले, काय काय सोय आहे, जेवण कसं असतं, स्टेशनवरून रिक्षा मिळते. फोन तुटला असं वाटून मी थांबले, तेव्हा त्या बोलल्या.

“माझे यजमान जाऊन नऊ दिवस झाले. मुलानं तुमचं पान वाचून दाखवलं. चवथ्या ओळीला मीच म्हटलं, पुरे कर. गेलेल्या माणसाच्या दारात कोण्ही इतक्यांदा ओरडतं का, बाई? घरात माणूस आहे की मशीन, तेवढं बघायला फोन केला.”

माणूस आहे, मी म्हटलं. मग माणसागत लिहा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. रागावून ठेवला नाही, तेच फार लागलं. मी कधी कोणाला भीक नाकारली असेन, कोणाला टाकून बोलले असेन, पण नऊ दिवसांच्या दुःखात बसलेल्या बाईच्या कानाशी जाऊन जाहिरात वाजवली असेन, हे मला स्वतःबद्दल कधी वाटलं नव्हतं. आईच्या वेळी दहाव्या दिवशी कोणी माझ्याशी असं बोललं असतं तर मी त्याला दारातून हाकललं असतं. पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्या फोनची वाट पाहिली. तो आला नाही.

त्याच दुपारी मी अप्पांना सगळं सांगितलं. पान दिसत नाही हेही, आणि मी महिनाभर खोटं बोलले हेही. ते दर्भाची पवित्रकं वळत बसले होते, श्राद्धाच्या वेळी बोटात घालतात ती. येणारं कोणी नव्हतं, तरी वळत होते. हातातलं पुरं वळून झाल्यावर त्यांनी ते बाजूला ठेवलं.

“चूक माझी,” ते म्हणाले. “जप आपल्यासाठी असतो. त्याला कोण्ही ऐकणारा लागत नाही. तर्पणात नाव घेतो ते पितरांनी यावं म्हणून. आलेल्या माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, त्याला हाका मारत सुटायचं काय?”

मी म्हटलं, चूक माझी, मला कळत होतं. ते म्हणाले, कळत होतं तर माझ्या तोंडावर सांगायचंस. मी म्हटलं, तुमच्या तोंडावर सांगून कोणाचं भलं झालंय या घरात. थोडा वेळ आमचं असं चाललं. आडी अमावास्येला पाच आठवडे उरले होते.

मग त्यांनीच विचारलं की ज्याचं माणूस गेलंय तो मोबाइल उघडून काय बघत असेल. मी इतकी वर्षं हे काम करते आहे, पण हा प्रश्न असा कोणी मला विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, साठ वर्षं लोक तुमच्याकडे येतात. अप्पा डोळे मिटून आठवू लागले. लोक काय काय विचारायचे, चपला काढता काढता, हळूच, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं. वेष्टी, आपलं इकडचं धोतर, नेसता येत नाही, चालेल का? आम्ही नेसवतो. आईला खाली बसवत नाही, खुर्ची आहे का? आहे. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही, करता येईल का? या, बसून बोलू, आजवर कोणाला परत पाठवलं नाही. मध्येच रडू आलं तर? थांबतो. आणि एक प्रश्न अगदी शेवटी, खाली मान घालून. पणजोबांचं नाव ठाऊक नाही.

तो आमच्या लोकांत फार. श्राद्धाला बाप, आजा, पणजा अशा तिघांची नावं घ्यावी लागतात. पांगलेल्या घरांत ती हरवली. जुने कागद मोडी लिपीत, ती वाचणारं कोणी नाही. घरात लाडाचं एक नाव, शाळेत दुसरं. अप्पा म्हणाले, ह्या एका लाजेपायी किती जण आलेच नसतील कोण जाणे. नाव नसलं तर नात्याने हाक मारता येते. पणजोबा म्हटलं तरी चालतं. हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

चार दिवस आम्ही दोघं बसलो. ते सांगायचे, मी लिहायची, मग वाचून दाखवायची. ते मध्ये थांबवायचे आणि हे आपण आपलं कौतुक केलं, काढ, म्हणायचे. ते दोन शब्द उरले एकदा मथळ्यात आणि एकदा पत्त्यापाशी. बाकी सगळं साध्या बोलण्यात. शेवटी मी एक ओळ माझ्या मनाने घातली, की माझे वडील समोर खुर्चीवर बसलेले असतात, तुम्ही चुकलात तर ते हळूच सांगतात, घाबरू नका. अप्पांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली, पण काढ म्हणाले नाहीत.

मी तो मजकूर त्रिचीच्या त्या मुलीला पाठवला, कंपनीचं काम नसताना, नुसतं बघ म्हणून. तिने एकही लाल खूण केली नाही. माझ्याही पणजोबांचं नाव मला माहीत नाही मॅडम, एवढंच लिहून पाठवलं. अण्णाने वाचून तोंड वाकडं केलं. म्हणाला, सगळं पानावरच सांगून टाकलंस, आता फोन कशाला करतील? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मलाही तीच धास्ती होती.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. 'तंजावूर श्राद्ध' असं शोधलं तर आजही लॉजच पुढे येतो. पण लोक त्या यंत्राला आख्खा प्रश्न विचारतात, जसा अप्पांना दारात विचारायचे तसा. पणजोबांचं नाव माहीत नसेल तर काय म्हणावं. हा प्रश्न कोणी तमिळमध्ये, कोणी इंग्रजीत टाकायचा, आणि उत्तर आमच्या पानावर सापडायचं. तीन आठवड्यांनी पहिला फोन आला. मग थांबून थांबून आणखी. आडी अमावास्येला चार घरची माणसं यायची ठरली. अण्णाने मागचा चौक धुवून घेतला.

अप्पांना आता पाटावर बसवत नव्हतं. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि मंत्र अण्णाने सांगितले. तिसऱ्या खेपेला होसूरचा एक चाळिशीचा माणूस बसला, बायको मागे उभी. बापाचं नाव म्हणाला, आजोबांचं म्हणाला, आणि थांबला. कान लाल झाले त्याचे. आमच्या पानावर वाचून आला होता तरी त्याला तोंडाने ते कबूल करवेना. अण्णा सवयीने म्हणाला, नाव सांगा. दर्भावर सोडायचे तीळ त्या माणसाच्या बोटांत तसेच राहिले. तेव्हा अप्पा खुर्चीवरून थोडे पुढे वाकले.

“पणजोबा म्हणा,” ते म्हणाले. “नात्यानं बोलावलं तरी येतात.”

त्याने म्हटलं. तीनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा पाणी भलतीकडेच सांडायला लागलं. अण्णाने पुढे होऊन त्याचा हात खालून धरला आणि पाणी संपेपर्यंत धरून ठेवला. असं करायचं असतं असं कुठेही लिहिलेलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. माझ्या भावाला मी साठ वर्षांचा झालेला पाहिलं आहे, पण त्याचा तसा चेहरा पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी कोइम्बतूरचं नाव कोणी काढलं नाही. आठवड्याने अण्णाने मोपेड काढली आणि गावाकडच्या एकाला पितृपक्षासाठी दर्भ सांगून आला. वैनीला काय ते समजलं. दोन दिवस तिने भांडी जरा जोरात आपटली. मग मुलीला फोन करून सांगितलं, दिवाळीला तुम्हीच इकडे या.

अप्पा कार्तिकात गेले. सकाळची कॉफी घेऊन, आपल्याच खोलीत. मागच्या भिंतीवर कावळे बसले होते. आम्ही तिघंही घरात होतो. मला वाईट वाटायला हवं तसं त्या दिवशी वाटलंच नाही. ते त्यांना हवे तिथे गेले, एवढंच मनात होतं.

वाईट वाटलं ते पुढे, तर्पणाच्या वेळी. आमच्याकडे मुलगा बापाचं नाव तोंडाने घेत नाही. अण्णाने ते नाव शाळेच्या, ऑफिसच्या कागदांवर शेकडो वेळा लिहिलं असेल, पण उच्चारलं नव्हतं. ते पहिल्यांदा उच्चारायचं ते बाप गेल्यावर, पाणी देताना. मंत्र सांगायला कुंभकोणमचे एक शास्त्री आले होते. त्यांनी म्हटलं, नाव घ्या. अण्णाने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. आलेल्या प्रत्येकाला हेच वाक्य सांगितलेला माणूस. शास्त्री थांबले. आम्ही सगळे थांबलो. मग त्याने ते नाव घेतलं, इतक्या हळू की मला ओठांवरूनच कळलं.

तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी चेन्नईहून एका मुलीचा फोन आला. आईचं करायचं होतं. सगळं नीट वाचून तिने फोन केला होता, आणि शेवटी विचारलं की तुमचे वडील असतील ना समोर, कारण मी नक्की चुकेन. मी फोन अण्णाच्या हातात दिला. त्याने तिला सांगितलं, वडील गेले. मग बराच वेळ तो ऐकत राहिला, आणि या तुम्ही, मी आहे, म्हणाला.

मी लॅपटॉप उघडला. ती ओळ काढायला हवी होती, नाहीतर लोक फसतील. मी तिच्यापाशी जाऊन नुसती बसून राहिले. पोटासाठी मी हजारो ओळी काढल्या असतील, एकही ओळ अशी अडली नव्हती. अण्णा येऊन शेजारी बसला. त्याने ओळ वाचली. तिथे आता तू बसतोस असं लिहू का, मी विचारलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं.

“लिही, माझे वडील नुकतेच गेले,” तो म्हणाला. “मंत्र सांगताना मी मध्येच थांबलो, तर तुम्हीही थोडं थांबा.”

मी ते वाक्य तो बोलला तसंच लिहिलं, आणि अजून बदललेलं नाही.